लिंबू-मिठाची शिस्त

प्रिय अनया आणि कबीर,

माझ्या लहानपणाबद्दल तुम्हाला लिहायचं मी बरीच वर्षं पुढं ढकलत आले. वही आणली, प्रकरणांची यादी केली, क्रम लावला. त्या क्रमात हे प्रकरण बरंच मागं होतं. ते आज पुढं घेतलं त्याचं कारण गेल्या रविवारचा व्हिडिओ कॉल. अनया, तू खिडकीपाशी बसली होतीस, तुझ्या हातात उंच पेला होता, आणि तू हसलीस तेव्हा तुझ्या समोरच्या दोन दातांची कड मला काचेसारखी दिसली, निळसर आणि पातळ. पेल्यात काय आहे असं मी विचारलं. तू म्हणालीस, "गरम पाण्यात लिंबू, आजी. रोज घेते. आणि मग लगेच ब्रश करते, म्हणजे दातांना काही होत नाही." मी गप्प झाले. तुझ्या आईला वाटलं माझ्या फोनचा आवाज गेला. मग मी तुला दातांच्या डॉक्टरकडे जायला सांगितलं आणि तू म्हणालीस, "आजी, चिल." म्हणून लिहायला बसले आहे. फोनवर तू माझं बोलणं तोडू शकतेस. लिहिलेलं शेवटपर्यंत वाचावं लागतं. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. लागू दे. इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं, पण यातली माणसं माझ्या डोक्यात इंग्रजी बोलत नाहीत.

आम्ही येरवड्यात राहत होतो. दोन खोल्या, मागं मोरी, आणि मोरीच्या पलीकडं एक खाट मावेल एवढं अंगण. त्यात कागदी लिंबाचं एक झाड होतं आणि ते वर्षभर कधी रिकामं नसायचं. घर चालायचं ते तुरुंगाच्या टोलांवर. पाचाच्या टोलाला आई स्टोव्हला पंप मारायला लागायची, सहाच्या टोलाला भाकरी थापल्याचा आवाज, साडेसहाला माझे वडील सायकल अंगणातून उचलून बाहेर काढायचे आणि तिची घंटी उंबऱ्याला लागून एकदा वाजायची. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते सरकारी कारखान्यात मुलामा खात्यात होते. लोखंडाच्या सुट्या भागांवर चकचकीत थर चढवायचं ते खातं. थर चढवण्याआधी प्रत्येक भाग ॲसिडच्या हौदात बुडवायचा, गंज सुटला की कडक ब्रशानं खसाखसा घासायचा, मग पुढचं काम. अण्णा तिथले तपासनीस होते. खिशात भिंग असायचं. माल हातात घ्यायचा, उजेडाकडं धरायचा, फिरवायचा, आणि 'पास' किंवा 'रद्द' म्हणायचं, एवढंच बोलण्याची नोकरी. घरी आले तरी सवय सुटायची नाही. त्यांच्या सदऱ्यांना ॲसिडच्या थेंबांची बारीक बारीक भोकं पडलेली असायची. आई ती रफू करता करता म्हणायची, "पगार सरकार देतंय अन् कापड हौद खातोय." आई लोणी काळभोरची. पुण्यात वीस वर्षं काढली तरी तिचं बोलणं तिकडचंच राहिलं. अण्णांनी मात्र आपली बोली घासून पुसून शहरी केली होती.

आंबट आमच्या घरात मिठाइतकं नेहमीचं होतं. आईच्या माहेरून चिंचेचे गोळे यायचे, मीठ लावून बरणीत दाबलेले. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, वांग्याचं भरीत, आणि ताटाच्या डाव्या बाजूला लिंबाचं लोणचं असायचंच. शाळेतून आल्यावर सरबत. मी आणि माझी धाकटी बहीण शशी चिंचेचं बुटुक गालात धरून गृहपाठ करायचो. ती माझ्याहून सात वर्षांनी लहान. गालातली चिंच संपली की ती तोंड उघडून जीभ दाखवायची, म्हणजे मी आणखी द्यावी.

आता आईच्या दातांबद्दल सांगायला हवं, कारण सगळी भीती तिथून सुरू झाली. शशीच्या बाळंतपणानंतर आईच्या हिरड्या सुजल्या, दात हलायला लागले, आणि त्या वेळी आमच्यासारख्यांना एकच उपाय माहीत होता. चार खेपांत तिचे सगळे दात काढले. ती एकतीस वर्षांची होती. शेवटच्या खेपेला अण्णांनी तिला टांग्यातून घरी आणलं. तिच्या तोंडात कापसाचे बोळे होते आणि गाल आत गेले होते. मी दारात उभी होते आणि मी तिला क्षणभर ओळखलंच नाही. पुढं कवळी आली. ती सैल होती. बोलता बोलता आई थांबायची, जिभेनं कवळी जागेवर बसवायची, आणि 'टक' असा आवाज यायचा. मग वाक्य पुरं करायची. परक्या माणसांसमोर ती हसेनाशी झाली. त्या 'टक' आवाजाची मला इतकी भीती बसली की एखाद दिवशी सकाळी आपल्याच तोंडातून तो येईल असं मला वाटायचं, आणि मी अंथरुणातच जिभेनं सगळे दात मोजून घ्यायची.

अण्णांना त्याहून मोठी भीती होती, पण ती त्यांनी शिस्तीत घालून ठेवली होती. आम्ही बौद्ध. अण्णांच्या वडिलांना गावात पाणी वरून ओतलं जायचं. अण्णांनी लहानपणी ते पाहिलं होतं, आणि म्हणून आमच्या घरातल्या कुठल्याही वस्तूकडं, कुणाच्याही नखाकडं, कॉलरकडं कुणी बोट दाखवता कामा नये असा त्यांचा कायदा होता. रविवारी विहारात जाताना आमचे पांढरे कपडे असे असायचे की शेजारीण म्हणायची, तुमच्याकडं बघायला डोळ्यांवर हात धरावा लागतो. अण्णा मला सांगायचे, "लोक आधी कपडे बघतात, मग दात बघतात. त्यानंतर ऐकतात आपण काय म्हणतोय ते." मला त्यांनी कॅम्पातल्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. तिथं सिस्टर आम्हाला आरशासमोर उभं करून जिभेचं टोक दातांमध्ये धरायला लावायच्या, खालच्या ओठावर वरचे दात टेकवायला लावायच्या. इंग्रजी बोलायला पुढचे दात लागतात हे मला नवव्या वर्षीच कळलं. मला इंग्रजीची शिक्षिका व्हायचं होतं. त्याला दात हवे होते.

माझे दुधाचे सगळे दात पडून गेले त्या वर्षी अण्णांनी शिस्त सुरू केली. त्यांचा विचार सरळ होता. लोखंडावरचा गंज ॲसिडनं सुटतो आणि ब्रशानं निघतो, मग दातांवरचा मळ का निघणार नाही? रोज सकाळी झाडावरून एक लिंबू उतरवायचं, अर्धं त्यांना, अर्धं मला. फोडीवर मीठ घ्यायचं आणि दातांवर पुढून मागून चोळायचं. मग तोंड मिटून शंभरपर्यंत मोजायचं. अण्णा मराठीत मोजत, मी मनात इंग्रजीत. शंभर झाले की न धुता लगेच कडक ब्रश आणि दंतमंजन, जोर लावून. झोंबलं तर अण्णा म्हणायचे, "झोंबतंय म्हणजे काम चालू आहे." शेवटी खिडकीपाशी तपासणी. माझी हनुवटी दोन बोटांत धरून ते भिंग लावायचे. "वर. खाली. डावी. उजवी. पास."

पहिले काही महिने खरोखर चमत्कार वाटला. दात इतके गुळगुळीत आणि झळझळीत झाले की सिस्टरनी वर्गात माझं नाव घेऊन कौतुक केलं. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा अण्णांनी नुसती मान हलवली, पण त्या दिवशी ते जेवताना शीळ घालत होते. आज मला माहीत आहे की दातांचं वरचं कवच आंबटानं विरघळायला लागलं की ते आधी असंच रेशमासारखं दिसतं. त्याच्यावरच्या बारीक रेघा पुसल्या जातात आणि उजेड छान सरकतो. अण्णांचं भिंग रोज नुकसानच पाहत होतं आणि त्याला पास म्हणत होतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात माठ भरला. शाळेतून आले, पेला बुडवला, घोट घेतला, आणि वरच्या दातांतून एक कळ अशी कपाळापर्यंत गेली की पेला हातातच राहिला. मी घोट तोंडात धरून तो कोमट होईपर्यंत उभी राहिले. आईनं विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, "ठसका." तो पहिला खोटेपणा. त्यानंतर मी पाणी गालाच्या एका बाजूनं प्यायला शिकले, उसाचा रस नको म्हणायला शिकले, थंडीत सायकलवर मागं बसताना ओठ घट्ट मिटायला शिकले. अण्णांना सांगावं असं एकदाही मनात आलं नाही. त्यांचा मार मी कधी खाल्ला नव्हता. त्यांनी मला 'रद्द' म्हणावं याची मला भीती होती. आणि त्याच्यामागं दुसरी भीती होती: दात दुखतात असं सांगितलं की दात काढतात. मी ते पाहिलं होतं.

मग दात पिवळे दिसायला लागले. वरचं पांढरं कवच पातळ झालं की आतला पिवळा थर दिसतो, पण हे आमच्या घरात कुणाला माहीत असणार? अण्णांनी भिंगातून पाहिलं, कपाळाला आठी घातली आणि म्हणाले, "मळ परत धरतोय. उद्यापासून दीडशेपर्यंत मोजायचं." मी दीडशे मोजायला लागले. एकदा शाळेच्या आरशात सिस्टर सांगतात तशी जीभ दातांमागं टेकवली आणि मला माझ्या जिभेचा गुलाबी रंग दातांच्या कडेतून दिसला. पुढची कड पेल्याच्या काठासारखी पारदर्शक झाली होती. बाकीच्या मुली आरशात बघून हसत होत्या आणि मी तोंड मिटून घेतलं. सिस्टर म्हणाल्या, तोंड उघड, तुझे दात तर सगळ्यांत सुंदर आहेत.

तरीही मी आणखी वर्षभर गप्प राहिले असते असं मला वाटतं. बोलावं लागलं ते शशीमुळं. तिचे समोरचे नवे दात आले होते, मोठे, करवतीसारख्या कडांचे. शुक्रवारी जेवताना अण्णा तिला म्हणाले, "रविवारपासून तुझीही सुरुवात. ताईनं दाखवायचं, तू करायचं." शशी पाटावर उभी राहून नाचली. तिला दोन वर्षं त्या लिंबाचा हेवा वाटत होता. माझा घास तोंडातच राहिला. शनिवारी सगळा दिवस मी अण्णांशी बोलायची वाक्यं तयार करत होते आणि एकही पुरं होत नव्हतं. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास घाईनं पाणी प्यायला स्टीलचा पेला तोंडाला लावला, शशीनं मागून कोपराला धक्का दिला, आणि पेल्याचा काठ दातांवर आपटला. अगदी हलकेच. तेवढ्यानं 'टच' असा आवाज झाला आणि जिभेवर काहीतरी खरखरीत आलं. तळहातावर काढून बघितलं. तांदळाच्या कणीएवढा तुकडा होता. दात माझा होता.

रविवारी सकाळी अण्णांनी दोन लिंबं उतरवली. मोरीपाशी तीन फोडी आणि मिठाची वाटी मांडली. शशी हात मागं बांधून उभी होती. अण्णा मला म्हणाले, "दाखव तिला." मी फोड उचलली नाही. ते पुन्हा म्हणाले. मी म्हटलं, "अण्णा, तिला नको." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "का नको?" मी ओठ वर केला. अण्णांनी हनुवटी धरली, खिडकीकडं वळवली, भिंग काढलं. वर, खाली, डावी, उजवी असं काहीच म्हणाले नाहीत. भिंग एकाच जागी थांबलं होतं. त्यांचा श्वास माझ्या गालावर येत होता आणि तो मधेच थांबला. मग त्यांनी विचारलं, "गार पाणी लागतं?" मी मान हलवली. "किती दिवस?" मी म्हटलं, "मागच्या उन्हाळ्यापासून." त्यांनी भिंग खिशात टाकायचा प्रयत्न केला, ते दोनदा खिशाबाहेर गेलं.

"हौदात माल जास्त वेळ राहिला तर काय होतं, माहितीये?" ते आईकडं बघत म्हणाले. आई दारात कणकेचा हात घेऊन उभी होती. "आधी गंज जातो. मग चांगलं लोखंड जायला लागतं. कड आधी जाते. हे खात्यात पोरं पहिल्या आठवड्यात शिकतात."

आई म्हणाली, "मग तुमाला कोन शिकवनार व्हतं?" टक असा आवाज आला. "आता बोलत काय बसलाय. तिला घेऊन जावा कुटं न्यायची तिथं."

सोमवारी अण्णांनी रजा टाकली. मी त्यांना रजा टाकताना पहिल्यांदाच पाहिलं. बुधवार पेठेत एका पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता. खाली ओळीनं रेडिओची दुकानं, प्रत्येक दुकानात रेडिओ तपासायला लावलेले, त्यामुळं जिन्यात तीन गाणी आणि एक बातमीपत्र एकदम ऐकू येत होतं. वर लवंगेच्या तेलाचा वास. पडद्याआड कुणीतरी कण्हत होतं आणि पत्र्याच्या ताटलीत काहीतरी टणकन पडलं. मला ते काय पडलं ते समजलं. मी बाकाची कड धरून बसले आणि मनात इंग्रजीत मोजायला लागले. दीडशेच्या पुढं गेले. अण्णा माझ्याकडं झुकले. ते म्हणाले, "घाबरू नकोस," आणि त्यांचा हात माझ्या हातापेक्षा गार होता.

डॉक्टर बाई होत्या, पन्नाशीच्या, बारीक, जाड चष्म्याच्या. त्यांनी माझं तोंड आरशानं सगळीकडून पाहिलं आणि विचारलं, "काय खाता? रोज काय लावता?" अण्णांनी सगळं सांगितलं, लिंबू, मीठ, शंभर, दीडशे, ब्रश, अगदी क्रमानं, हजेरी द्यावी तसं. बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "लिंबू लोणच्यात घालतात हो. आपण दातांचंच लोणचं घातलंत." अण्णांनी मान खाली घातली. मी खुर्चीत आडवी होते आणि माझ्या मनात एकच प्रश्न होता, तो मला विचारता येत नव्हता कारण तोंडात आरसा होता. अण्णांनीच विचारला. "काढावे लागतील?"

"कशाला? एकही नाही," बाई म्हणाल्या. मला रडू आलं आणि बाईंनी आरसा काढून घेईपर्यंत ते घशातच अडकून राहिलं.

मग त्यांनी अण्णांना समजावलं, आणि त्यांनी समजावलेलं मी आजही त्याच क्रमानं सांगू शकते. दाताचं कवच शरीरात सगळ्यांत कठीण, पण आंबटापुढं ते मऊ पडतं, त्यातले क्षार सुटून जातात. लगेच निघून जात नाही. नुसतं मऊ होतं, ओल्या गिलाव्यासारखं. लाळेत तेच क्षार असतात, त्यामुळं थोडा वेळ दिला तर गिलावा पुन्हा बराचसा घट्ट होतो. "तुम्ही तो ओला असतानाच खराटा मारत होता. रोज." आंबट खाल्लं की साध्या पाण्यानं चूळ भरायची आणि तासभर दातांना ब्रश लावायचा नाही. ब्रश मऊ घ्यायचा. आणि त्यांनी खणातून एक पेस्टची नळी काढली. "हिच्यात फ्लोराइड आहे. लाळेतले क्षार परत दातात बसायला ते मदत करतं, आणि जो थर नव्यानं बसतो तो आंबटाला आधीच्यापेक्षा कमी दाद देतो. चिलखत नाही हे. रोज लिंबू चोळलंत तर हीसुद्धा हरेल. पण आहे ते टिकवायला हिच्याइतकं चांगलं दुसरं काही माझ्याकडं नाही."

"गेलेलं परत येईल?" अण्णांनी विचारलं.

"गेलेलं येत नाही."

हे ऐकून त्यांनी नळी उचलून तिच्यावरची अक्षरं वाचली, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं. "फ्लोराइड म्हणालात?" त्यांच्या खात्यात एका कुलूपबंद कपाटात त्या नावाचं ॲसिड होतं. ते काचेच्या बाटलीत ठेवत नसत, कारण ते काचच खातं. एका सोबत्याच्या बोटावर त्याचा थेंब पडला होता. दिवसभर त्याला काही वाटलं नाही, संध्याकाळी बोट पांढरं पडलं, आणि पुढं ते बोट राहिलं नाही. अण्णा उभे राहिले. "बाई, ते मी पोरींच्या तोंडात घालू देणार नाही."

"ते ॲसिड, आणि हा क्षार. घराणं एक, माणूस वेगळा," बाई म्हणाल्या. "तुमच्या मिठातसुद्धा क्लोरीन आहे. त्याच्या वायूनं माणूस मरतो. आपण भाजी अळणी खाता का?"

"मीठ मी रोज खातो, म्हणून मला माहिती आहे."

"मग हे रोज वापरा, म्हणजे हेही माहिती होईल. वाटाण्याएवढं घ्यायचं. गिळायचं नाही, थुंकायचं. धाकट्या मुलीला त्याहून कमी. आणि थुंकल्यावर दहा वेळा चुळा भरत बसू नका, थोडं दातांवर राहू द्या." मग त्यांनी चष्मा वर केला. "आता आपण बसा खुर्चीत."

"मी कशाला?"

"लिंबाचं दुसरं अर्धुक आपण लावत होतात ना?"

अण्णांचे दात माझ्यापेक्षा वाईट होते. बाईंनी हवेची फुंकर मारली तेव्हा त्यांच्या दोन्ही मुठी आवळल्या आणि डोळ्यांतून पाणी आलं. मला एकदम आठवलं की अण्णा माठाचं पाणी पीत नसत. गार पाणी म्हणजे चैन, असं ते म्हणायचे, आणि आम्ही त्याला त्यांचं तत्त्व समजत होतो. आम्ही दोघं एकाच मोरीपाशी दोन वर्षं शेजारी शेजारी उभे राहून एकच कळ लपवत होतो.

नळी घरी आली, पण अण्णांनी ती फळीवर उंच ठेवली. "आधी पंधरा दिवस मी," ते म्हणाले. "मला काही झालं नाही तर पोरी." आई म्हणाली, "अन् तुमाला काय झालं तर?" ते म्हणाले, "तर कळेल." आई म्हणाली, "कुनाला कळंल, तुमाला का आमाला?" पण ती हसली नाही. पुढचे पंधरा दिवस आमच्या घरात कुणी मोकळा श्वास घेतला असेल असं मला वाटत नाही. रोज सकाळी अण्णा मोरीपाशी एकटे उभे राहायचे, आम्ही तिघी दारात. ते ब्रश फिरवायचे, थुंकायचे, मग भिंग धरून आरशात स्वतःची जीभ बघायचे, हिरड्या बघायचे, बोटं उलटसुलट करून बघायचे. ते खोकले तरी शशी माझा फ्रॉक धरायची. मी शाळेत बसून विचार करायची की ते विष दिवसभर कळत नाही, संध्याकाळी कळतं. नवव्या दिवशी अण्णा संध्याकाळी वेळेवर आले नाहीत. सहाचा टोल पडला, साडेसहा झाले. आईनं भाकरी थापली आणि तव्यावर टाकलीच नाही. ती काही बोलत नव्हती, नुसती कवळी जागेवर बसवत होती, टक, टक. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून मनातल्या मनात बाईंना, नळीला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःला दोष देत होते, कारण मी रविवारी ओठ वर केला नसता तर यातलं काहीच घडलं नसतं. आई आणि शशीही बाहेर आल्या, आणि मग गल्लीच्या टोकाला अण्णा दिसले, सायकल हातात धरून चालत येताना. चाक पंक्चर होतं. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि विचारलं, "सगळ्या अशा बाहेर का?" आई म्हणाली, "काय नाय. भाकरी करायची ऱ्हायलीय."

सोळाव्या दिवशी त्यांनी नळी फळीवरून काढली आणि माझ्या ब्रशावर स्वतः वाटाण्याएवढी पेस्ट घातली. शशीच्या ब्रशावर घालताना त्यांनी इतकी कमी घातली की ती म्हणाली, "अण्णा, हे तर मुंगीला." मी तिला सहा वेळा थुंकायला लावलं, आणि मी स्वतः थुंकले तरी दिवसभर जिभेची चव तपासत राहिले. काही महिन्यांनी माठाच्या पाण्याची कळ कमी झाली. पूर्ण गेली नाही. अण्णांनी लिंबाचं झाड तोडायला कुऱ्हाड मागून आणली होती. आईनं ती परत पाठवली आणि म्हणाली, झाडानं लिंबं दिली, चोळा म्हणून कुठं सांगितलं. सरबत राहिलं, लोणचं राहिलं, फक्त त्यानंतर साध्या पाण्याची चूळ आली आणि दंतमंजनाचा डबा गेला.

अण्णांनी पुन्हा कधी माझी हनुवटी धरली नाही. 'चुकलं' हा शब्द त्यांनी उच्चारला नाही आणि मीही त्याची वाट पाहिली नाही. पण कारखान्यात कुणाकडं नवं मूल झाल्याचं कळलं की ते घरी जाऊन फ्लोराइडच्या पेस्टबद्दल सांगून यायचे, न विचारता. लोक हसायचे. ज्या माणसानं आयुष्यभर कुणी आपल्याकडं बोट दाखवू नये म्हणून धडपड केली, तो हसणं सहन करून सांगत राहायचा. मुलांनो, त्यांची चूक काळजीतून झाली होती, आणि काळजीनं केलेली गोष्ट आपण सहसा दोनदा तपासत नाही. मी तर तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, वर्गातल्या मुलींना जीभ दातांत धरायला लावली, आणि त्यांच्या दातांच्या कडा आधी बघितल्या.

अण्णांचे दात साठीनंतर एकेक करून गेले. शशी आता साठीच्या पुढं आहे आणि तिच्या तोंडात अक्कलदाढा सोडून सगळे दात तिचे आहेत. माझे सत्तावीस आहेत. वरच्या समोरच्या चारांवर टोप्या बसवल्या आहेत. त्यांच्याखाली माझेच दात आहेत, झिजलेले, पण मुळांसकट.